मॅन्क्सची फ्रेम, बॉनव्हिलचं इंजिन आणि एक चुकलेलं भोक

शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमधे एक ट्रायटन मोटरसायकल आहे, नॉर्टनच्या मॅन्क्सची फ्रेम आणि ट्रायम्फच्या बॉनव्हिलचं इंजिन, हे मला पहिल्यांदा त्यांच्या मुलीनं सांगितलं आणि त्याच दमात हेही सांगितलं की ती आता सुटी करून विकायची आहे. ऑक्टोबर २०२३ ची गोष्ट. आजोबा ८१ वर्षांचे, गुडघे गेलेले, घर विकून मुलीकडं राहायला जायचं ठरलेलं, आणि गॅरेज रिकामं करायचं म्हणून जुन्या गाड्यांचा एक व्यापारी येऊन बघून गेलेला. तो म्हणाला अख्खी विकली तर ना धड नॉर्टन ना धड ट्रायम्फ, इंजिन आवाज करतंय त्यामुळं आणखीनच भाव पडणार, त्यापेक्षा फ्रेम नॉर्टनवाल्याला द्या, इंजिन ट्रायम्फवाल्याला द्या, जास्त पैसे येतील. मुलीनं मला विचारलं कारण माझ्या गॅरेजमधे कायम काहीतरी खोललेलं असतं हे तिला माहीत होतं. मी मूळचा कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं कोव्हेंट्रीजवळ राहतो, वडिलांची बुलेट होती आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रीच्या शेडमधे माझे शाळेचे सगळे रविवार गेलेत. एवढंच माझं क्वालिफिकेशन. म्हणलं बघतो.

ज्यांना ट्रायटन काय प्रकार आहे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ट्रायम्फचं इंजिन आणि नॉर्टनची फ्रेम, नाव दोघांचं अर्धं अर्धं. नॉर्टनची फेदरबेड फ्रेम बेलफास्टच्या रेक्स मॅकँडलेसनं भाऊ क्रोमीच्या साथीनं बनवली, १९५० साली ती रेसिंगमधे उतरली आणि त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या ज्युनियर आणि सीनियर दोन्ही टीटी शर्यतींमधे पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे आले. फेदरबेड हे नाव हॅरोल्ड डॅनिएल या रेसरच्या बोलण्यातून आलं, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला तो. म्हणजे वळणावर नॉर्टनसारखी गाडी नाही. आणि सरळ रस्त्यावर ट्रायम्फच्या ६५० सीसीच्या दोन सिलेंडरच्या ट्विनसारखं इंजिन नाही, हलकं, ट्यून करायला सोपं, पार्ट कुठंही मिळणार. मग पोरांनी दोन्ही एकत्र केलं यात नवल काय. पण एवढ्या बिनइंजिनाच्या फ्रेमा आल्या कुठून, तर त्या काळात ५०० सीसीच्या फॉर्म्युला थ्री कारची रेसिंग जोरात होती, कूपरसारख्या छोट्या गाड्यांना मॅन्क्सचं, म्हणजे नॉर्टनच्या रेसिंगच्या मोटरसायकलचं इंजिन पाहिजे असायचं, आणि नॉर्टन नुसतं इंजिन विकायला तयार नव्हती. मग लोक अख्खी मॅन्क्स घ्यायचे, इंजिन कारमधे, उरलेली फ्रेम विकायला. मोटरसायकलच्या पोरांची चंगळ. आता गंमत अशी की सगळ्याच ट्रायटन काही मॅन्क्सच्या फ्रेमवर नाहीत, बऱ्याचशा डॉमिनेटरसारख्या रोडच्या गाड्यांच्या फ्रेमवर आहेत, पण मालकाला विचारा, मॅन्क्सच सांगेल. आपल्याकडं जसं प्रत्येकाच्या जुन्या वाड्याला एक भुयार असतं आणि ते थेट किल्ल्यावर निघतं, तसं.

आजोबांच्या गोष्टीत मॅन्क्स होतीच. त्यांनी ही गाडी १९६२-६३ च्या हिवाळ्यात बांधली, त्या हिवाळ्याला इथं अजून बिग फ्रीझ म्हणतात, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चपर्यंत बर्फ हललं नाही. रस्त्यावर गाडी काढायची सोय नाही, मग वीस वर्षांच्या पोरानं करायचं काय, वडिलांच्या शेडमधे पॅराफिनची शेगडी पेटवून गाडी बांधायची. तेव्हा ते कोव्हेंट्रीतल्या एका मशीन टूल कारखान्यात अप्रेंटिस होते. फ्रेम एका रेसरकडून घेतली, त्याचं इंजिन कूपरमधे गेलं होतं. इंजिन अपघातात गेलेल्या बॉनव्हिलचं. फ्रेममधे इंजिन बसवायच्या मधल्या अल्युमिनियमच्या इंजिन प्लेटा लंडनहून रेडीमेड मागवल्या. हे सगळं ते इतक्या सराईतपणे सांगतात की मधे थांबवून विचारायची हिंमत होत नाही.

आणि मग एम-वन. हा भाग मला त्यांच्याकडून कितीही वेळा ऐकायला आवडतो. २ नोव्हेंबर १९५९ ला एम-वनचा पहिला तुकडा उघडला, वॉटफर्डजवळून रग्बीजवळच्या क्रिकपर्यंत, आणि त्याच दिवशी कोव्हेंट्रीच्या बाजूला येणारा एम-फॉर्टीफाइव्हपण. डिसेंबर १९६५ पर्यंत त्यावर स्पीड लिमिटच नव्हतं. म्हणजे आजोबांच्या घरापासून अर्ध्या तासावर तीन लेनचा सपाट रस्ता, आणि ताशी शंभर मैल म्हणजे 'टन' मारला की तुम्ही टन-अप बॉय. लंडनची पोरं नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेला जमायची, ज्यूकबॉक्सवर गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत पुढच्या चौकाला वळसा मारून यायचं अशी दंतकथा सगळेच सांगतात. आजोबा म्हणतात त्यांनी तसं कुणालाच करताना बघितलं नाही, सगळे चहा पीत दुसऱ्यानं केलं म्हणून सांगत बसलेले असायचे. हे ऐकून माझा त्यांच्यावर जरा जास्तच विश्वास बसला, आणि तिथंच मी फसलो.

पहिला शनिवार नुसते नंबर वाचण्यात गेला. वायर ब्रश, बॅटरी, खडूची पूड. फ्रेमचा नंबर साठ वर्षांच्या रंगाखालून वर आला तेव्हा तो मॅन्क्सचा नव्हता, डॉमिनेटरचा होता. १९६० च्या आधीची वाइडलाइन, म्हणजे रुंद फ्रेम. मॅन्क्सच्या फ्रेमा रेनल्ड्स ५३१ च्या नळीच्या असतात आणि ब्राँझनं जोडलेल्या, ही साध्या पोलादाची रोडची फ्रेम. चांगलीच आहे, भूमिती तीच, पण बाजारात जमीन अस्मानाचा फरक. मग इंजिन. ट्रायम्फचा नंबर डाव्या बाजूला सिलेंडरच्या खालच्या कडेजवळ पंच केलेला असतो. तिथं टी-१२० असेल तर बॉनव्हिल. तिथं होतं टी-११०, म्हणजे टायगर. वर बघावं तर हेड मात्र दोन कार्बोरेटरचं, दोन इनटेक बाहेरच्या बाजूला फाकलेले, अगदी बॉनव्हिलसारखं. वरून बॉनव्हिल आणि खालून टायगर. तसं बघितलं तर १९५९ ची पहिली बॉनव्हिल म्हणजे टी-११० लाच दोन कार्बोरेटरचं हेड लावून काढलेली गाडी, ६४९ सीसी, ७१ बाय ८२ मिलिमीटर, तेच इंजिन. त्यामुळं आजोबा अगदी खोटंही बोलत नव्हते. पण नंबर तो नंबर.

सांगायचं कसं हा प्रश्न. मुलीला आधी सांगितलं, ती म्हणाली तुम्हीच सांगा. मी चहा घेता घेता हळूच विषय काढला, म्हणलं नंबर बघितले. आजोबा म्हणाले हो का, आणि बिस्किट चहात बुडवलं. मग बऱ्याच वेळानं म्हणाले की ज्यानं फ्रेम विकली त्यानं मॅन्क्सची सांगितली होती, वीस वर्षांच्या पोरानं नंबर कशाला तपासायचा. आणि हेड त्यांनी १९६६ मधे वेगळं घेतलं होतं, आता आठवलं म्हणे. त्याच्या आधी एकच कार्बोरेटर होता. गाडीला दोन कार्बोरेटर दिसायला लागल्यावर बघणारेच बॉनव्हिल म्हणायला लागले, मग कोण कशाला दुरुस्त करत बसतोय.

आता आवाज. व्यापाऱ्यानं 'इंजिन गेलंय' म्हणून भाव पाडला होता, पण कुठलं काय गेलंय ते सांगितलं नव्हतं. मी आधी जुनं तेल काढलं, कारण ह्या इंजिनात गाडी नुसती उभी राहिली तरी टाकीतलं तेल पंपाच्या बॉल व्हॉल्व्हमधून झिरपून खाली क्रँककेसमधे साचतं, तशीच किक मारली तर सगळं तेल भकाभका सायलेन्सरवाटे. मग नवीन तेल, नवीन पेट्रोल, पाचव्या की सहाव्या किकला चालू. थंड असताना गोड आवाज. पिस्टन ढिला असता तर थंड असतानाच जास्त वाजला असता आणि गरम झाल्यावर कमी. टॅपेट असते तर सतत टिकटिक. हा आवाज दहा बारा मैल गेल्यावर यायचा, तोही थ्रॉटल हलका सोडला की, खोलवरून टक टक टक. लांब स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला लावून ऐकलं, डाव्या प्लगची वायर काढून अर्थ केली तर आवाज जवळपास बंद. म्हणजे डावा बिग एंड, कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथं जोडतो तिथलं बेअरिंग. आमच्या उद्यमनगरच्या मिस्त्रीच्या भाषेत 'कनेक्टिंग बोलतंय'. आणि ह्या इंजिनाच्या टायमिंग कव्हरला पुढं तेलाच्या प्रेशरचं एक बारीक बटण असतं, प्रेशर आलं की ते बाहेर येतं. गरम झाल्यावर मंद आयडलला ते निम्मं आत जाऊन बसायचं. मिटर नाही, दिवा नाही, एक बटण. मला ही सिस्टीम लय आवडते.

हाफ इंजिन करून भागणार नव्हतं, फुलच खोलायचं होतं. माझ्याकडं वडिलांच्या बुलेटचे व्हिटवर्थ पाने होते, येताना बॅगेतनं आणलेले, तेव्हा बायको हसली होती. इथं बॉक्सचे बॉक्स नवीन पाने मिळतात पण ते मिलिमीटरचे, ह्या गाडीवर चालत नाहीत, जबरदस्ती केली की नटाचे कोपरे गोल. आट्यांचंही तसंच, व्हिटवर्थचा आटा ५५ अंशाचा आणि मेट्रिक ६० चा, बोल्ट दोन फेरे जातो आणि अडकतो आणि मग आटे गेले म्हणून लोक ब्रिटिश गाड्यांना शिव्या देतात.

क्रँक बाहेर आला. डाव्या बिग एंडचे शेल, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल वाट्या, तांबं दिसेपर्यंत घासलेले, जर्नल, म्हणजे क्रँकचा त्यात फिरणारा गोल भाग, तीन थाऊ अंडाकृती, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पण हे कशानं झालं? कारण आजोबांच्या बिस्किटाच्या डब्यात १९८७ चं एका वर्कशॉपचं बिल होतं, बिग एंडचे शेल नवीन टाकल्याचं. ते वर्कशॉप आता नाही, नाव घेण्यात अर्थ नाही. आणि त्या बिलानंतर गाडी फार तर दोन तीन हजार मैल चालली असेल. एवढ्यात शेल जात नाहीत.

कारण क्रँकच्या पोटात होतं. १९५९ नंतरच्या ट्रायम्फ ६५० चा क्रँक एकसंध घडवलेला, आणि त्याच्या जर्नलच्या आत एक पोकळी, पोकळीत पोलादी नळी. तिला स्लज ट्रॅप म्हणतात, गाळाचा सापळा. ह्या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, नुसत्या तारेच्या जाळ्या. बारीक कचरा तेलाबरोबर क्रँकमधे येतो आणि क्रँक फिरताना जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन पोकळीच्या भिंतीला बसतो, स्वच्छ तेल बिग एंडला जातं. कल्पना एकदम भारी, पण सापळा भरला की संपलं, तो साफ करायला अख्खं इंजिन खोलावं लागतं. पोकळीच्या तोंडाला आट्याचं बूच असतं आणि ते सैल होऊ नये म्हणून कडेला पंच मारलेला असतो. मी भिंग लावून बघितलं तर पंचाची खूण एकच, कारखान्यातली. म्हणजे ट्रायम्फच्या मेरिडनच्या कारखान्यातनं निघाल्यापासून ते बूच कुणी उघडलंच नव्हतं. १९८७ ला शेल बदलले, बिल लावलं, आणि गाळ तसाच आत. नवीन शेलना पहिल्या दिवसापासून तेल कमी.

बूच निघता निघेना. पंचाची खूण ड्रिल करून काढली, गरम केलं, इम्पॅक्ट ड्रायव्हरवर हातोडा मारला, दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी कर्र करून हललं. आतली नळी हुक लावून ओढली आणि मागोमाग तो गाळ. गुऱ्हाळात काहिलीच्या बुडाला खरवड लागते ना, तश्शी, काळी, घट्ट, नखानं निघत नाही अशी, आणि उन्हात धरली की आत बारीक धातूची चमक. दोन मोठे चमचे भरले असते. डाव्या बिग एंडला जायचं भोक तर काडीनं टोचल्यावर उघडलं. मी तो गाळ जॅमच्या बाटलीत भरून आजोबांना दाखवला, ते म्हणाले ठेव, फेकू नको. साठ वर्षांचे सगळे मैल त्यात आहेत म्हणे. ती बाटली अजून माझ्या फळीवर आहे आणि बायकोचा तिच्यावर डोळा आहे.

क्रँक ग्राइंड करून आणला, वीस थाऊ खाली, त्याच साइझचे शेल. ते दोन आठवडे गाडी नुसती फ्रेम होऊन उभी होती, आणि तेव्हा इंजिन प्लेटांकडं नीट लक्ष गेलं. तीन सुती अल्युमिनियम. आमच्याकडं अजून सूत चालतं, इंचाचे आठ सूत, आणि इंच ज्या देशानं दिला तिथं माझ्या ऑफिसातल्या पोरांना ते मिलिमीटर करून सांगावं लागतं, असो. लंडनहून मागवलेल्या रेडीमेड प्लेटा म्हणे. पण कडेला कानशीचे तिरके ओरखडे स्वच्छ दिसत होते, वरचा गोलावा दोन्ही प्लेटांचा एकसारखा नाही, करवत एका जागी रेघ सोडून आत गेलेली आणि नंतर घासून लपवलेली. आणि डाव्या प्लेटला गिअरबॉक्सच्या वरच्या बोल्टाशेजारी एक गोल डाग. भोक चुकीच्या जागी पाडलेलं, मग त्यात अल्युमिनियमचा तुकडा ठोकून बुजवलेलं, सपाट घासलेलं, आणि अर्धा इंच सोडून दुसरं पाडलेलं. हे कुठल्या दुकानातनं येत नाही.

प्लेट घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याचं नख कानशीच्या रेघांवरनं फिरवलं, आणि मुलगी स्वयंपाकघरात आहे का ते बघून हळू आवाजात म्हणाले, "पोरा, हा माल कारखान्याचा होता." भंगारात टाकलेला तुकडा, कोटाच्या आत धरून गेटबाहेर काढलेला. कारखान्यात स्वतःचं काम गुपचूप करून घेण्याला तिथं 'फॉरेनर' म्हणायचे, मला ह्या शब्दाची जरा वेगळीच सवय आहे. फोरमन दोन घरं सोडून राहायचा, त्याला कळलं असतं तर अप्रेंटिसशिप गेली असती, म्हणून कुणी विचारलं की लंडनहून मागवल्या म्हणून सांगायचं. ते सांगता सांगता साठ वर्षं झाली. फोरमन कधीचा वारला. आणि आणखी एक, त्या काळी पैसेवाली पोरं प्लेटा विकत घ्यायची, घरी कापलेल्या म्हणजे फाटक्या खिशाच्या. मी विचारलं हे चुकलेलं भोक कुणाचं. म्हणाले बुधवारचं आहे, बुधवारी कारखान्यातनं थेट पबमधे जायचो.

तर मग सुटी करायची का अख्खी ठेवायची. ह्यावर इथं दोन तट आहेत. नॉर्टनवाल्यांना ट्रायटन म्हणजे एक चांगली नॉर्टन वाया घालवली असं वाटतं, आणि आज कित्येक ट्रायटन सुट्या करून फ्रेमवर परत डॉमिनेटरचं इंजिन चढवतात, 'ओरिजिनल' म्हणून. त्यांचंही एकदम चूक नाही, फ्रेमा मोजक्याच उरल्यात. दुसरी बाजू अशी की ट्रायटन हीच स्वतः इतिहासातली गाडी आहे, डेव्ह डेगन्स या रेसरनं रेक्स बुचरबरोबर १९६५ ला बार्सिलोनाची चोवीस तासांची रेस ट्रायटनवर जिंकली, कारखान्यांच्या टीमा असताना. नॉर्टनचा बर्मिंगहॅमचा कारखाना आणि ट्रायम्फचा मेरिडनचा, दोघांत जेमतेम वीसेक किलोमीटर, पण दोन्ही कंपन्यांना जे एकत्र बसून सुचलं नाही ते पोरांनी शेडमधे केलं. आज बर्मिंगहॅमचा कारखाना कधीच बंद आणि मेरिडनच्या जागी घरं आहेत, गल्लीचं नाव बॉनव्हिल क्लोज.

माझं मत मी मुलीला सरळ हिशोबानं सांगितलं. व्यापाऱ्याचा सगळा सल्ला मॅन्क्स आणि बॉनव्हिल ह्या दोन शब्दांवर उभा होता. फ्रेम खरंच मॅन्क्सची असती तर मीसुद्धा कदाचित म्हणलो असतो, विका, कारण तेवढ्या पैशात आजोबांची शेवटची वर्षं आरामात जातील. पण साध्या डॉमिनेटरची फ्रेम आणि वरून खालून जुळवलेलं टायगर, सुटं करून मिळणार तरी काय, आणि त्या हातानं कापलेल्या प्लेटा तर कुठल्याच गाडीच्या उपयोगाच्या नाहीत, त्या थेट भंगारात, जिथून आल्या तिथंच. म्हणजे आजोबांची बढाई खरी निघाली असती तर गाडी गेलीच होती. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली प्लेटांचं बाबांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. कागदावर आता खरे नंबर आहेत, त्याचा पत्रव्यवहार वेगळाच त्रास, तो इथं नको.

इंजिन मी मार्चमधे बांधलं. एक फरक केला, तेलाच्या परतीच्या पाइपात बारीकसा फिल्टर घातला, सीटखाली लपवून. आजोबा कुरकुरले, मी जॅमची बाटली दाखवली. चुकलेलं भोक पॉलिश करून दिसेनासं करता आलं असतं, तसा विचारही आला, पण प्लेट नुसती रॉकेलनं पुसून परत लावली. दोन्ही पिस्टन एकदमच वर जातात आणि एकदमच खाली येतात त्यामुळं साठ मैलांच्या पुढं हाताला मुंग्या येतात त्या येतातच, तो आजार नाही, स्वभाव आहे. मधे चाकणला बजाजच्या कारखान्यात ट्रायम्फच्या ४०० बनायला लागल्यात असं आजोबांना सांगितलं, तर म्हणाले मग तुझ्या पान्यांचे मिलिमीटर झाले असतील आता.

गाडी नातवाच्या नावावर जाणार आहे. तो बावीसचा, आणि इथं एवढ्या मोठ्या गाडीचं लायसन थेट काढायचं तर चोवीस पूर्ण लागतात, म्हणून तोवर दर दुसऱ्या रविवारी मी चालवून आणतो, चांगली वीस पंचवीस मैल, इंजिन पुरतं गरम होईपर्यंत. आजोबा मुलीकडं गेलेत, दोन तास लांब. निघायच्या आधी फोन स्पीकरवर लावून सीटवर ठेवायचा हा त्यांचा नियम आहे. खाली साचलेलं तेल काढलं का, ते विचारतात. काढलं म्हणायचं. मग किक. पहिली, दुसरी, तिसरीला लागते, आणि एवढ्या आवाजात ते पलीकडून ओरडतात, "बटण?"

"आलं बाहेर."

फोन कट.